एक सकाळ दवाखान्यात

डायलिसिसच्या यंत्रासाठी तीन निवेदनं देऊन डॉ. वसुधा तेरदाळ दमल्या होत्या. या वेळी त्यांनी आमदारांना एवढंच म्हटलं, "साहेब, एक सकाळ आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात येऊन बसा. हार नाही, भाषण नाही."

आमदार धुमाळ खरोखरच आले आणि बाकावर गाडीची वाट बघणाऱ्या कोंडाबाईंशेजारी टेकले. "कुठं निघालात, मावशी?"

"जिल्ह्याला, डायलिसिसला. आठवड्यातनं दोनदा. परतायला दिवस मावळतो."

"सोबत कोण?"

"दरवेळी कोण येणार, बाबा?"

आमदार बाकावरून उठले. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "तुमची निवेदनं मी वाचलीच नव्हती. नुसती पुढं पाठवली."

इतकी खरी कबुली वसुधाताईंनी कधी ऐकली नव्हती. त्यांचा राग तिथंच निवळला.

दिवाळीनंतर यंत्र आलं. कोंडाबाई दुपारच्या जेवणाला घरी पोचू लागल्या. आणि एके दिवशी आमदारांचा फोन आला. "डॉक्टर, परवा विधानसभेत आरोग्यावर बोलायचंय. काय बोलू?"

"वेळ आहे ना तुमच्याकडे?" असं विचारत वसुधाताईंनी हसून खुर्ची पुढं ओढली.