जागेवर नाही

"झालं समाधान?" असं म्हणत हजेरीच्या साहेबांनी मोजणीयंत्राचा पडदा मावशींकडे वळवला.

पडद्यावर एक हिरवी रेघ होती. सरळ येऊन मध्येच विहिरीसारखी खोल उतरलेली, पुन्हा वर चढलेली. टेबलावर मावशींचा हजेरीचा बिल्ला उघडा पडला होता. आत अंगठ्याच्या नखाएवढा सर्किट बोर्ड, त्याच्या कडेनं नागमोडी तांब्याची अँटेना, आणि तिच्या मुळाशी तिळाहून बारीक दोन भाग. ते दोन भाग कोणत्या मापाचे हवेत, हे बिल्ले बनवणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञ बाईनं महिनाभर डोळे फोडून ठरवलं होतं. विहीर म्हणजे अँटेनाचा सूर; ती जिथं पडायला हवी, बरोबर तिथंच पडली होती.

"बिल्ल्यात दोष नाही," ती म्हणाली. आपल्या हातच्या कामाला कुणी खोटारडं म्हणावं, याचा तिला मनातून राग आला होता.

"मग अकरा दिवस रुळातून चादरी कुणी काढल्या? भुतानं?" मावशींनी विचारलं.

काचेपलीकडे हॉस्पिटलची लाँड्री धडधडत होती. गरम रुळांच्या इस्त्रीशी मावशी सतरा वर्षं उभ्या होत्या. आता छतावरचे डबे प्रत्येकाच्या बिल्ल्याचा संदेश पकडत, आणि कोण जागेवर आहे ते साहेबांच्या संगणकावर दिसे. अकरा दिवस मावशी दिसल्या नव्हत्या. त्यापायी गेला आठवडाभर त्यांना घरी बसवलं होतं.

"मावशी, तीन वेळा ताकीद दिली. आज कंपनीच्या ताईंनाही बोलावलं. अजून काय करायचं?"

"ताई, तुम्ही हे टेबलावर ठेवून मोजलंत," मावशी साहेबांकडे न बघता तंत्रज्ञाला म्हणाल्या. "मी काय टेबलावर राहते?"

तंत्रज्ञाचा हात यंत्राच्या बटणावर थबकला.

"तुम्ही तो कुठं लावता?"

"रुळाशी मी एकटीच, म्हणून आत. झग्याच्या आतल्या खिशात, वरून रबरी एप्रन. बाहेर लोंबतं काही ठेवायचं नाही, रूळ ओढून घेतात. यांचाच नियम आहे."

यंत्रातून बिल्ल्याला जोडलेली बारीक वायर तशीच ठेवून तंत्रज्ञ बाईनं तो मावशींच्या हातात दिला. "आहे तसा आत धरा."

मावशींनी बिल्ला खिशात सरकवला, खुंटीवरचं ओलं एप्रन वरून दाबलं. पडद्यावरची विहीर डावीकडे घसरली, उथळ झाली आणि रेघ जवळजवळ सपाट झाली. माणसाच्या अंगात पाणीच पाणी. बिल्ला अंगाला चिकटला की अँटेनाचा सूर उतरतो, आणि उरलासुरला आवाज अंगातच जिरतो. हे तंत्रज्ञाला ठाऊक होतं. माणसांच्या अंगावर लावून मोजू द्या, आठवडा लागेल, असं तिनं कंपनीत विचारलंही होतं. टेबलावर चांगला येतोय ना, मग झालं, असं उत्तर आलं होतं. आणि तिनं सही केली होती.

तिनं वायर काढून बिल्ल्याचं झाकण बसवलं, तो पुन्हा आतल्या खिशात ठेवायला लावला आणि मावशींना रुळापाशी नेऊन उभं केलं. दोन मिनिटांत साहेबांच्या संगणकावर मावशींचं नाव करडं झालं. जागेवर नाही. काचेपलीकडे मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

साहेबांनी एकदा काचेकडे पाहिलं, एकदा संगणकाकडे. मग आवाज उतरवून म्हणाले, "त्यांचं अंगच जरा भारी आहे हो. सगळ्यांचं असं होत नसणार."

तंत्रज्ञाची कानशिलं तापली. "साहेब, उठा," ती म्हणाली. "तुमच्या गळ्यातला बिल्ला शर्टाच्या आत घाला."

"मला कशाला?"

"दोन मिनिटं लागतील. तुमचं अंग काही भारी नाही."

खुंटीवरचं दुसरं ओलं एप्रन तिनं स्वतः त्यांच्या गळ्यात अडकवलं आणि त्यांना रुळापाशी मावशींच्या शेजारी उभं केलं. लाँड्रीतल्या बायका हातातल्या चादरी तशाच धरून बघत राहिल्या. दोन मिनिटांनी तिनं काचेवर टकटक केलं आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. मावशींच्या नावाखाली साहेबांचं नाव. करडं.

"साहेब, तुम्हीही जागेवर नाही," मावशी म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

केबिनमध्ये परत येऊन साहेबांनी एप्रन काढलं, शर्टावरचा ओलावा रुमालानं टिपला. "चला, झालं गेलं. मावशी, उद्यापासून या कामावर."

मावशी जागच्या हलल्या नाहीत. "अकरा दिवस मी नव्हते असं लिहिलंय. मी होते, असं लिहून द्या."

साहेबांनी नाइलाजानं कागद ओढला. "यंत्राची चूक झाली असं लिहितो. माणसाची चूक कुणाचीच नाही."

"यंत्रानं स्वतःला टेबलावर ठेवून मोजलं नव्हतं," तंत्रज्ञ म्हणाली. "ते मी मोजलं, पास मी केलं. माझं नाव लिहा."

"अहो, कंपनी तुम्हाला..."

"लिहा."

साहेबांनी लिहिलं. मावशींनी कागद हातात घेऊन अक्षर अक्षर लावत वाचला आणि मान हलवली. मग कमरेच्या पिशवीतून ताकिदीची तीन पत्रं काढून त्यांनी टेबलावर एकाखाली एक मांडली आणि प्रत्येकाच्या तळाशी सहीवर बोट टेकवलं.

"ताईंचं नाव आलं," त्या म्हणाल्या. "आता या सह्या कुणाच्या, तेही लिहा."