चिमणीची भूक

शाळेमागच्या कचऱ्याच्या डब्यात चिमणी कोपरापर्यंत हात घालून उभी होती. इस्त्रीवाली धापा टाकत पोचली, तेव्हा पोरीच्या तोंडात कुणाच्या तरी डब्यातलं टाकलेलं, आंबूस काहीतरी होतं.

"थुंक! आधी थुंक बघू!"

चिमणीनं डोळे गच्च मिटले आणि गिळून टाकलं.

"घरी उपाशी ठेवता का हिला?" मुख्याध्यापिकेनं विचारलं, आणि पोरीकडे बघून तिची तिलाच आपल्या प्रश्नाची लाज वाटली. सहा वर्षांची पोर, वजन एक्कावन्न किलो.

लाडानं ठेवलेल्या नावाची गल्लीत चेष्टा झाली होती. "ही चिमणी उडाली तर छप्पर घेऊनच उडायची," शेजारीण म्हणायची. "खाण तशी माती म्हणावं, तर तू ही अशी काडी!"

"बापावर गेलीय," एवढं बोलून इस्त्रीवाली वेळ मारून न्यायची.

इस्पितळाच्या धुलाईघरात ती दिवसभर चादरींना इस्त्री करायची. घरी पिठाच्या डब्याला कुलूप, साखरेला कुलूप, कपाटाला कुलूप. तरी चिमणीनं एकदा खडू खाल्ले, एकदा सांडलेलं दूध फरशीवरून चाटलं. पोटभर जेवायची आणि ताट विसळून व्हायच्या आत पुन्हा रडायला लागायची.

"आई गं, भूक दुखतेय."

भूक दुखते, हे इस्त्रीवालीनं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पोरीसमोर घास घशाखाली उतरेना, म्हणून ती धुलाईघरातच उभ्याउभ्या जेवून यायची. चार वर्षांत तिनं तीन खोल्या बदलल्या. शाळेत फोटो काढायचे असले की चिमणीला घरीच ठेवायची. लोकांच्या नजरा नको झाल्या होत्या.

कचऱ्याच्या डब्याचं प्रकरण मुख्याध्यापिकेनं वर कळवलं. चार दिवसांत बालकल्याण खात्याच्या बाई दारात हजर. त्यांनी कुलपं पाहिली, पोर पाहिली, वहीत काहीतरी लिहिलं.

"मुलाला असं होईपर्यंत खायला घालणं हाही छळच असतो."

"बाई, मी मोजून वाढते हो. शपथ घेऊन सांगते."

"मग दुखणं काय ते डॉक्टरांकडून लिहून आणा. महिनाभर थांबते. नाहीतर मुलीला संस्थेत न्यावं लागेल."

इस्त्रीवालीनं त्यांचे पाय धरले. बाईंनी ते हळूच सोडवून घेतले आणि निघून गेल्या.

इतकी वर्षं ज्या इस्पितळाच्या चादरी ती इस्त्री करत होती, त्याच इस्पितळात ती चिमणीला पहिल्यांदा दाखवायला घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी रक्त घेतलं आणि कागद पुढे ओढला.

"जन्माच्या वेळी वजन किती होतं?"

"आठवत नाही."

"आईला हे आठवतंच."

"तेव्हा माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं."

"अंगावर पाजलंत?"

"नाही. बाटलीचं दूध."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. "रक्त लांब पाठवावं लागेल. तीनेक आठवडे लागतील."

अठराव्या दिवशी धुलाईघराच्या पायऱ्या चढताना चिमणी मटकन खाली बसली. ओठ निळे पडले होते. एक्कावन्न किलो एकटीनं उचलायचे कसे? इस्त्रीवालीनं मळक्या चादरींची ढकलगाडी रिकामी केली, पोरीला कशीबशी तीत ओढून घेतलं आणि "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" ओरडत ती वॉर्डापर्यंत पळत गेली. नाकाला नळी लावली तेव्हा कुठे ओठांवर रंग आला.

दोन दिवसांनी डॉक्टरबाई कागद घेऊन खाटेपाशी आल्या.

"तुमची काहीच चूक नाही," त्या म्हणाल्या.

इस्त्रीवाली खाटेच्या कडेवर बसली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं.

"पोट भरलं, आता पुरे, असा निरोप अंगातली चरबीच मेंदूला धाडत असते. हिच्या अंगात तो निरोप तयारच होत नाही. एक जनुक जन्मापासून बिघडलेलं आहे. मेंदूला वाटतं, पोर उपासमारीनं मरतेय."

"औषध आहे?"

"आहे. रोज एक इंजेक्शन. थोड्याच दिवसांत ही ताटात घास टाकून उठेल."

"घास टाकून?" इस्त्रीवालीला हसू फुटलं आणि त्याच हसण्याचं रडू झालं.

"आणि त्या खात्याच्या बाईंना मी पत्र देते. आता ही पोर तुमच्याकडून कुणी नेणार नाही." डॉक्टरबाईंनी सुई काढली. "औषध परदेशातून येतं. पाठवायच्या आधी तिथले लोक आईवडिलांची तपासणी मागतात. बिघडलेलं जनुक दोघांकडून एकेक आलेलं असतं ना. वडिलांचा ठावठिकाणा नाही म्हणालात, तर निदान तुमचं रक्त जोडू. बाही वर करा."

इस्त्रीवाली हलली नाही. "औषध नाही मिळालं तर?"

"हृदयावर ताण आलाय. फार दिवस नाही निभणार."

"मावशी, आत्या, कुणाचंही नाही चालणार?"

"नाही हो. घाबरताय कशाला? मुंगी चावल्यासारखं वाटेल."

झोपलेल्या चिमणीनं तिचं बोट मुठीत धरलं होतं. इस्त्रीवालीनं ते हळूहळू सोडवून घेतलं. पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग ती उठून उभी राहिली.

"माझं रक्त काही उपयोगाचं नाही, डॉक्टरबाई," ती म्हणाली. "हिची आई पुलापलीकडे राहते. हरवलेल्या मुलीचा कागद दरवर्षी नवा छापून भिंतीवर लावते. पत्ता सांगते, लिहून घ्या."