मसुराएवढी कप्पी

"भाऊजी, चिकटवून टाका ना. काचेच्या पेटीत कोण फिरवून बघणार?" वहिनी चहा ठेवत म्हणाल्या.

"कप्पी फिरायलाच हवी!" मी खेकसलो. दादाच्या शिडाच्या होडीची ही छोटी लाकडी प्रतिकृती. तिच्या डोलकाठीवर शिडाची दोरी फिरवणारी एकच मसुराएवढी कप्पी बसवायची होती; पाच कोरतानाच फुटल्या होत्या. मी सहावी घेतली.

खऱ्या होडीची कप्पीही मीच बनवली होती. वादळात ती कप्पी अडकली, शीड उतरलं नाही आणि दादा परतला नाही. वहिनींनी मला कधीच बोल लावला नाही.

संध्याकाळी सहावी बसली. दोरी ओवून, शीड चढवून मी होडी वहिनींपुढे ठेवली. "सोडा दोरी."

शीड सरसर खाली आलं.

वहिनींनी दोरी उचलली. मग स्वतःच शीड पुन्हा चढवत म्हणाल्या, "हिला काच नको."