श्वासावर उघडणारं दार

लशीच्या कारखान्याचं दार श्वास तपासूनच उघडायचं. साथीच्या दुसऱ्या वर्षी सगळ्यांना त्याची सवय झाली होती. हर्षाली गेडामनं नेहमीसारखी नळीत फुंकर मारली, पण दार उघडलं नाही.

"ताप नाही. आपण गरोदर आहात. साथ संपेपर्यंत बिनपगारी रजा," दारानं साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं.

हर्षालीला हे आत्ताच कळत होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, तिनं आशा सोडून दिली होती.

"तुमच्याच भल्याचं आहे, ताई. घरी आराम करा," सुपरवायझर ढोबळे काचेपलीकडून म्हणाले.

"मी घरी बसत नाहीये साहेब, तुम्ही बसवताय. मग पगार चालू ठेवा, नाहीतर धोका नसलेलं काम द्या."

"नियम दाराचा आहे."

"दाराला तो कुणी शिकवला?"

रांगेत तिच्या मागे उभ्या असलेल्या कमलताईंनी नळी हातात घेतली आणि फुंकर न मारता तशीच धरून ठेवली. "आज ही, उद्या इथंच कामाला असलेली माझी सून," त्या म्हणाल्या. मग रांगेतल्या एकीनंही श्वास दिला नाही. आतली यंत्रं खोळंबली.

दुपारी ढोबळे वरून हुकूम घेऊन आले. हर्षालीनं घरूनच कॅमेऱ्यावर कुप्या तपासायच्या, पगार पूर्ण. तेव्हा कुठे रांग आत गेली.

ती घरी पोचली तर नवरा घाबरून उभा. "एवढ्या लवकर? ताप निघाला का?"

अख्ख्या कारखान्याला ठाऊक झालेली गोष्ट याला अजून माहीतच नव्हती. हर्षालीनं मास्क काढला, आणि बोलायच्या आधी बराच वेळ नुसती हसत राहिली.