सोबत

तेजस्विनीला थेट आसामात, जोरहाटच्या शेतकी कॉलेजात प्रवेश मिळाला. पण वडील अडून बसले. "येडगावातनं तिथवर जायचं, तीन-तीन गाड्या, अन् पोर एकटी? नाय म्हंजी नाय!" शेवटी आजोबा, रखमाजीतात्या, बरोबर जातील या अटीवर परवानगी मिळाली.

तात्या जन्मात पहिल्यांदाच आगगाडीत बसले. हावड्याला गाडी बदलताना ते पाण्याची बाटली भरायला गेले आणि भलत्याच गाडीत जाऊन ऐसपैस बसले. तेजस्विनीने धावत जाऊन त्यांना हाताला धरून उतरवले. गुवाहाटीला तर तिने तो हात सोडलाच नाही.

"भ्यायचं नाय पोरी, मी हाय ना!" तात्या वाटभर धीर देत होते.

वसतिगृहावर पोचल्यावर तिने घरी फोन लावला. "पप्पा, सुखरूप पोचलो. तात्यांना परतीच्या गाडीत बसवून देऊ?"

"येडी का काय तू? म्हातारं माणूस एकटं कसं यील? कॉलेजला अजून पंधरा दिस हायेत. तूच आणून सोड त्यांना."

"आणि मग मी इकडं परत कोणाबरोबर येऊ?"

 

"तुला आता कोण कशाला पायजे? जा की एकटी!"