नाकातून बोलणारं पेडल

“लई भारी,” बाहेर ओट्यावरून हनुमंत म्हणाला.

दिपालीनं गिटारवरचा हात काढला. “हे नको,” ती अर्णवला म्हणाली. “पुढचं लाव.”

अर्णवनं कपाळाला हात लावला. बूस्ट पेडल म्हणजे पायानं दाबायची मुठीएवढी लोखंडी डबी. गिटारचा आवाज अँपमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्यात शिरायच्या आधी ती त्याला मागून रेटा देते. अशी तीन पेडलं तो नगरच्या दुकानातून एका दिवसाच्या बोलीवर मिरजगावला घेऊन आला होता. साडेचारच्या एसटीनं ती परत न्यायची होती. रविवारी नगरला त्यांच्या बँडचा कार्यक्रम होता आणि त्याच्या मते प्रश्न केव्हाच सुटला होता.

“अगं, काका पण भारी म्हणाले. आवाज कसा भरून येतो बघ. भिंती हादरतात.”

“पत्रे हादरतात,” दिपाली म्हणाली. “त्याला तेवढंच कळलं. मला त्याला सूर ऐकवायचेत.”

हनुमंत दाराकडे पाठ करून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. हा दिपालीचा बाप. बावीस वर्षं त्यानं लग्नाच्या वरातींतून बँजो वाजवला. टेम्पोवर भोंगे बांधलेले आणि त्यांच्या तोंडाशी हा उभा. हात गोड, जीभ मात्र कडू. बँजो पार्टीतल्या कुणालाही त्यानं जन्मात शाबासकी दिली नाही. जोडीदाराची तार केसभर उतरली की याचा डावा हात वर जायचा, आणि हात वर गेला की वाजवणं बंद. एकदा तर नवरदेवाला वेशीत घोड्यावर ताटकळत ठेवून त्यानं आधी तार जुळवून घेतली. नवरीकडची माणसं अंगावर आली तरी हा हलला नाही.

तीन वर्षांपूर्वी दिपालीनं गिटार घेतली आणि हाच माणूस तिचं वाजवून झालं की “लई भारी” म्हणायला लागला. प्रत्येक वेळी. चुकली तरी. सुरुवातीला ती हुरळून गेली. मग गेल्या दिवाळीतल्या कार्यक्रमात तिनं स्टेजवरून पाहिलं. पहिल्या रांगेत बसलेला बाप शेजाऱ्यांचे हात बघून टाळ्या वाजवत होता, सगळ्यांच्या मागून. भोंग्यांनी त्याचे कान खाल्ले होते. समोर बसून बोललेलं त्याला कळायचं, पण तिच्या गिटारचा तो गच्च, फाटका आवाज त्याच्यापर्यंत नुसता धडधडाट होऊन पोचत होता. कानाचं मशीन अशा गोंगाटात शिट्टी मारायचं, म्हणून ते कपाटात पडलं होतं. त्या दिवसापासून बापाची शाबासकी तिला गिळवत नव्हती. रविवारी तो पुन्हा पहिल्या रांगेत बसणार होता आणि या वेळी त्याला ऐकू गेलंच पाहिजे, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

दुसरं पेडल लावलं. तिनं सकाळपासून वाजवलेला तोच तुकडा पुन्हा वाजवला, जाड तारांवरचा. आवाज वरच्या अंगाला असा धारदार झाला की अर्णवच्या अंगावर काटा आला.

“हेच,” तो म्हणाला. “संपला विषय.”

दिपाली दाराकडे बघत होती. हनुमंतनं शेंग फोडली, दाणे पाटीत टाकले, दुसरी शेंग घेतली. जरा वेळानं काहीतरी राहून गेल्यासारखं तो म्हणाला, “लई भारी.”

“हेही नको.”

“दिपाली, पावणेचार झाले. आणि तिसरं ऐकूच नकोस. ते नाकातून बोलतं. खालचा आवाज कापून टाकतं आणि मधलाच तेवढा पुढं ढकलतं. मी केवळ दुकानदारानं दिलं म्हणून आणलंय.”

“बँजो तरी कुठून बोलतो?” दिपाली म्हणाली. “लाव.”

अर्णवनं तोंड वाकडं करत वायर बदलली. दिपालीनं खाली बसून स्वतः बटणं फिरवली. पेडलचा गेन शून्यावर आणला, कारण आवाज फाडायचं काम अँप करतच होता. लेव्हल, म्हणजे रेट्याचं बटण, पार शेवटाला नेली. सकाळपासून एकच तुकडा वाजवून बोटांची सालं निघाली होती. त्यांच्यावर फुंकर मारून तिनं तोच तुकडा पुन्हा सुरू केला.

पत्रे हादरले नाहीत. आवाज बारका झाला, आवळला आणि खरंच नाकातून आल्यासारखा सरळ दारातून बाहेर गेला. प्रत्येक सूर सुटा. अर्णवनं नकारार्थी मान हलवली.

बाहेर शेंगा फुटायच्या थांबल्या होत्या. दिपालीला बापाची फक्त पाठ दिसत होती. ती थांबली नाही. तुकडा संपला तसा तिनं पहिल्यापासून पुन्हा घेतला.

हनुमंतनं हातातली शेंग खाली ठेवली. त्याची मान जराशी कलली. मग त्याचा डावा हात हळूहळू वर गेला.

दिपालीचं वाजवणं जागच्या जागी बंद पडलं. खोलीत अँपची घरघर तेवढी राहिली.

“जाडी तार उतरलीय,” मागं न बघता हनुमंत म्हणाला. “तीन वर्सं अशीच वाजवतीस व्हय?”