तेलाच्या चिंध्या

तेजस्विनीनं तेलानं माखलेली चिंधी झटकली आणि कुंपणाच्या तारेवर पसरली. दुसरी तिच्यापासून हातभर लांब. मग तिसरी.

“एका पाटीत टाकून ठेवल्या तर काय बिघडेल, वहिनी?” अंजनानं विचारलं.

“नगं वन्सं. आईंनी सांगितलंय.”

सकाळपासून हे वाक्य तिसऱ्यांदा आलं होतं. चौदा एप्रिल चार दिवसांवर आला होता. पिंपळवंडीच्या त्या वस्तीत घरोघर चुना भिजत होता, आणि दारांना, चौकटींना जवसाचं तेल लागत होतं. अंजनाचा भाऊ प्रबुद्ध निळ्या रंगाचा आणखी एक डबा आणायला नारायणगावला गेला होता. घरात नणंद आणि भावजय दोघीच. सकाळी पहिला डबा उघडायच्या आधी तेजस्विनीनं पेटता स्टो विझवला. अंजनाचा चहा निम्माच उकळला होता. मग बल्बवरची जळमटं काढायची तर आधी मेन स्विच खाली. दोन्ही वेळा कारण एकच. आईंनी सांगितलंय.

आई अंजनाची होती. जानेवारीत गेली. शेवटच्या दोन दिवसांत आईनं पाणी मागितलं ते तेजूकडे. कुशीवर वळवायला हाक मारली तीही तेजूला. अंजना पुण्याहून पोचली तेव्हा आईची नखं कापलेली होती, केस विंचरलेले होते, आणि बोलणं थांबलेलं होतं. तिच्यासाठी काही निरोप आहे का, हे तिनं विचारलं नाही. कुणी सांगितलाही नाही.

आणि आता हे. चिंधी कुठं वाळत घालायची एवढं बारीकसुद्धा आई या बाईला सांगून गेली होती. अठरा वर्षं अंजना या घरात वाढली, तिला आईनं असं कधी काही शिकवल्याचं आठवत नव्हतं. अंजना बोलायला लागली की आई तांदूळ निवडत बसायची. मान वर करायची नाही.

“तुमी बसा जरा. भाकरी हाये दुरडीत,” तेजस्विनी म्हणाली आणि घागर घेऊन हापशावर गेली.

अंजना बसली नाही. तिनं तारेवरच्या सगळ्या चिंध्या ओढून काढल्या. गोळा करून पोत्यात कोंबल्या आणि पोतं पडवीच्या कोपऱ्यात, ऊन दाखवून घडी घातलेल्या गोधड्यांना टेकून ठेवलं. वरचा पत्रा तापला होता. अंगण एकदम स्वच्छ दिसायला लागलं. आपल्या आईच्या अंगणात काय कुठं ठेवायचं हे आपण ठरवलं, याचं तिला बरं वाटलं.

तेजस्विनीनं परत आल्यावर तार पाहिली. “चिंध्या?”

“टाकल्या,” अंजना म्हणाली. कुठं, ते सांगितलं नाही.

तेजस्विनी मागच्या भिंतीला चुना द्यायला गेली.

चारच्या सुमारास वास आला. आधी उग्र, तेलकट. मग कापूस जळल्याचा. अंजना पडवीत आली तेव्हा पोत्यातून धूर निघत होता. कुणी काडी लावली नव्हती. जवळपास चूल नव्हती, बिडी ओढणारं कुणी नव्हतं. ती नुसती उभी राहिली. तेजस्विनीनं तिला बाजूला ढकललं, काठीनं पोतं अंगणात ओढलं आणि वर घागर उपडी केली. वारा लागताच पोत्यानं पेट घेतला होता. दुसऱ्या घागरीनंतर ते विझलं.

सगळ्यात वरची गोधडी आईनं पांघरलेली शेवटची. तिला तळहाताएवढं भोक पडलं होतं. कडा अजून लाल होत्या. तेजस्विनीनं त्या ओल्या फडक्यानं दाबल्या, गोधडी उलटून पाहिली, पुन्हा दाबल्या. आतले थर विझल्याची खात्री होईपर्यंत ती थांबली नाही. ओरडलीही नाही.

तेच अंजनाला सहन झालं नाही.

“ओरडा की! घर पेटलं असतं माझ्यामुळं,” ती म्हणाली. “पण मला कसं कळणार? आईनं मला कधी सांगितलंच नाही. सगळं तुम्हालाच सांगितलं. मी कोण होते तिची?”

तेजस्विनीचे हात थांबले.

“जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा केल्या तर आपल्या आपून पेट घेत्यात, हे आईंना कुठनं म्हाईत असनार, वन्सं? त्यांना तर सही बी येत न्हवती.” तिनं कपाळावरचा चुना मनगटानं पुसला. “तुमचंच पत्र व्हतं. होस्टेलातनं आलेलं. कालेजात मास्तरांनी शिकवलं म्हनून तुमीच लिव्हलं व्हतं. ते स्टोचं, मेन स्विचचं, समदं तुमच्याच पत्रातलं. मीच वाचून दावायची. त्या परत वाचाय लावायच्या.”

अंजनाला अंधूक आठवलं. पान भरायचं म्हणून ती वर्गात ऐकलेलं काहीबाही लिहायची. आईनं लिहवून घेतलेल्या उत्तरात त्याबद्दल कधी एक शब्दही नव्हता.

“मग मला कधी म्हणाली का नाही ती?”

तेजस्विनीनं गोधडी तारेवर टाकली. बोलली तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदाच कडवट झाला होता.

“तुमाला कशाला म्हनतील त्या? बारा वर्सं ह्या घरच्या चिंध्या मी वाळत घातल्या. आन् आई कुंपनावरनं शेजारच्या गोजरबाईला सांगायच्या, आमची अंजना लई हुशार.”